ठोकून घेतलेला खडा

ठोकेरावांनी बहिणीच्या सासूच्या अंगठीतला हिरा काढून घेतला आणि तिथे काच बसवली, ही बातमी मी पहिल्यांदा ऐकली ती न्हाव्याच्या खुर्चीत. गळ्याशी वस्तरा असताना माणूस उलट प्रश्न विचारत नाही, म्हणून आमचा न्हावी सगळ्या चटकदार बातम्या नेमक्या तेव्हाच सांगतो. "कुणाला बोलू नका हं," असंही तो म्हणाला. बाकावर नंबर लावून बसलेली मंडळी हे ऐकून जबाबदारीने माना डोलावत होती.

ठोकेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पेठेतल्या दागिन्यांच्या एका जुन्या दुकानात ते हिऱ्यांच्या काउंटरवर उभे राहायचे. पांढरा शर्ट, वरच्या खिशात भिंग, आणि चेहऱ्यावर लग्न ठरवणाऱ्या मामाचा भाव. गिऱ्हाईक आलं की ट्रे काढायचे नाहीत. आधी म्हणायचे, "हात पुढे करा ताई." बोटं उलटसुलट बघायचे. "कामाचा हात आहे. उंच कोंदण घेऊ नका, टॉवेलचा प्रत्येक दोरा ओढून आणेल." दुकानातल्या झगमगीत दिव्यांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "ह्या दिव्याखाली मीसुद्धा चमकतो. खिडकीशी चला," म्हणत ते गिऱ्हाइकाला आणि खड्याला घेऊन खिडकीपाशी जात. मोठ्या खड्याला भुललेल्या एका नवऱ्यामुलाला त्यांनी विचारलं होतं, "आकार लांबून दिसतो, पैलू जवळून दिसतात. तुम्ही बायकोच्या जवळ बसणार, की लांब?" पोरगी लाजली, पोरगा लहान खडा घेऊन गेला, आणि मालकांनी कपाळाला हात लावला.

विक्री झाली की प्रवचन. हिरा तेलकटपणाला हावरा असतो, तेव्हा आधी क्रीम, मग अंगठी. धुवायचा तर कोमट पाणी, साबणाचे थेंब आणि लहान मुलाचा मऊ ब्रश. बेसिनच्या भोकाला आधी बूच. दोन दागिने एका डबीत नकोत, "सख्ख्या जावांसारखे एकमेकांना ओरबाडतात." अधूनमधून अंगठी कानाशी धरून हलवायची, टिकटिक आली तर खडा सैल झाला समजायचं.

हे सगळं उत्तम होतं. माणूस बिघडला तो शेवटच्या वाक्याने. पिशवी हातात देताना ते म्हणत, "हिरा आहे हो, ठोकून घ्या!" आणि कुणी हसलंच, तर ड्रॉवरमधून जाड कातड्याचा तुकडा, लाकडी हातोडी आणि एक बारका खडा काढून खरोखर ठोकून दाखवत. खड्याला काही होत नसे. होणार कसं? ठोका कातडं गिळायचं. दुकानाच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या कारागिराने त्यांना कितीदा तरी बजावलं होतं, "साहेब, हिऱ्याला ओरखडा उठत नाही, पण ठोका चालत नाही. लाकडाला असते तशी शीर असते त्याला. शिरेवर बसला तर एका दमात दोन." ठोकेराव म्हणायचे, "मला शिकवतोस?" म्हणजे त्यांना हे पक्कं माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

एका सुट्टीच्या दुपारी ते बायकोला घेऊन धाकट्या बहिणीकडे जेवायला गेले. तिथे बहिणीचा नवरा, म्हणजे त्यांचे मेहुणे, आणि बहिणीची सासू. सासूबाईंना सगळे माई म्हणत. माईंच्या बोटात एकच अंगठी, तिच्यात मसुरीच्या डाळीएवढा हिरा. माईंचे यजमान कारखान्यात होते. रात्रपाळ्या करून करून त्यांनी ती घेतली आणि बोटात घालताना, "खरा आहे बरं का," एवढंच म्हणाले. ते जाऊन बराच काळ लोटला होता. माई ते वाक्य अंगठीपेक्षा जपून होत्या.

जेवणं आटोपली, मेहुण्यांना खोडी काढायची हुक्की आली.

"काय ठोकेराव, दुकानात म्हणे हातोडी चालवता? आम्हाला कधी दाखवणार? की तिथे जादूचे हिरे असतात?"

"जादूबिदू काही नाही. हिरा तो हिरा."

"मग आईची अंगठी ठोका की!"

"अरे, गप रे," माई हसत म्हणाल्या. पण त्यांना आपल्या हिऱ्याचं कौतुक करून घ्यायची संधी सोडवेना. त्यांनी अंगठी काढून पुढे केली. "हळू हं. ह्यांनी दिलेली आहे."

"दादा, नको," बहीण म्हणाली.

"अहो, राहू द्या ना," बायको म्हणाली.

दोन बायकांनी नको म्हटल्यावर पुरुष काय करतो ते मी सांगायला नको. ठोकेराव उठले, स्वयंपाकघरातला बत्ता घेतला, अंगठी दगडी ओट्यावर ठेवली. कातडं नाही, लाकूड नाही. वर लोखंड, खाली दगड. "माई, ठोकून घ्या!" म्हणाले आणि मारला.

खडा फुटला. आवाजही फारसा झाला नाही. अर्धा कोंदणात राहिला, अर्धा ओट्यावर, आणि थोडा चुरा. सगळे ठोकेरावांकडे बघत होते. त्यांनी मोठा तुकडा उचलला, उजेडात धरला. काच फुटते तेव्हा शिंपल्यासारखी वळणं उठतात. ही फूट सपाट होती, कापलेल्या पानासारखी. त्यांना एका नजरेत कळलं.

"आता काय झालं?" मेहुण्यांनी विचारलं.

आणि ठोकेरावांनी दुसरं ठोकून दिलं.

"माई, वाईट वाटून घेऊ नका. हा हिरा नव्हताच. काच होती. खरा असता तर फुटला असता का?"

तुकडे, चुरा आणि कोंदणात अडकलेला अर्धा खडा नखाने सैल करून त्यांनी रुमालात घेतला. "कुणाच्या पायात रुतेल, टाकून देतो," म्हणाले आणि रुमाल खिशात घातला. कारण एकच. कुणी ते तुकडे दुसऱ्या दुकानात नेऊ नयेत.

माईंनी रिकामी अंगठी हातात घेतली. त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "काच? पण ते तर खरा आहे म्हणाले होते."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "खरंच काच होती हो?" ठोकेराव म्हणाले, "मला झोप आली आहे." ऊन अजून खिडकीत होतं.

मंडळी, खोटं बोलणाऱ्याची एक अडचण असते. लोक त्याच्यापेक्षा जास्त डोकं चालवतात. मेहुण्यांना आठवलं, की मागे अंगठी धुवायला ठोकेरावच दुकानात घेऊन गेले होते. शिवाय, काचेचे तुकडे कुणी रुमालात बांधून खिशात घालतं का? ते हे बायकोला म्हणाले, शेजाऱ्याला म्हणाले, शेजाऱ्याने न्हाव्याला सांगितलं. तिथून पुढे बातमीला पाय फुटावे लागले नाहीत, तिला चाकंच बसली. दुकानाच्या मालकांनी ठोकेरावांना आत बोलावून विचारलं, "तसलं काही नाही ना?" "नाही," ते म्हणाले. मालकांचा विश्वास होता. पण दुसऱ्या दिवसापासून हिऱ्यांच्या काउंटरवर दुसरा माणूस, आणि ठोकेराव चांदीच्या वाट्या-चमच्यांपाशी. येणारी बाई वाटी उचलून म्हणायची, "ठोकून घेऊ का?" आणि काउंटरमागे खसखस पिकायची.

त्यांना चोर म्हटल्याचं फारसं लागलं नाही, असं त्यांच्या बायकोने मला पुढे सांगितलं. उलट त्यांना थोडं बरंच वाटे. न केलेल्या चोरीबद्दल लाज वाटायचं कारण नव्हतं. जी लाज होती ती वेगळीच होती, आणि ती ह्या आरोपाआड दडून बसे. रात्रीची भांडी लावताना वाटीला वाटी आपटली तरी ते दचकायचे.

मग एक दिवस बहीण आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "दादा, तू येऊन जा. मला घरात मान वर करता येत नाही. आणि माईंचं काही खरं दिसत नाही."

ठोकेराव गेले. माई खिडकीशी बसल्या होत्या. बोट रिकामं, त्यावर अंगठीच्या जागी फिकट वळं. समोर यजमानांचे कारखान्यातले एक जुने सोबती बसलेले, अवघडून चहा पीत.

"खरं सांगा भाऊजी," माई त्यांना विचारत होत्या, "हे रात्रपाळीला यायचे ना? की दुसरीकडेच कुठे जायचे?"

"अहो वहिनी, हे काय भलतंच!"

"भलतं नाही. ज्याने काच हिरा म्हणून घातली, तो आणखी काय काय म्हणाला असेल, कोण जाणे."

सोबती चहा अर्धा टाकून उठले. माईंचं लक्ष ठोकेरावांकडे गेलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"या, या. लोकांचं मनावर घेऊ नका तुम्ही. मी सगळ्यांना सांगते, चोरतील कशाला? काच चोरून कुणी काय करणार? फसवलं ते आमच्याच माणसाने. तुम्ही निदान तोंडावर खरं सांगितलंत. तुमचे उपकार आहेत."

उपकार हा शब्द ऐकला आणि ठोकेराव खालीच बसले. खुर्ची होती बाजूला, ते जमिनीवर बसले.

"माई, तो हिरा होता."

"कोणता?"

"तुमचा. खराच होता. हिरा फुटतो. मला माहीत होतं फुटतो म्हणून. मी अब्रू वाचवायला काच म्हणालो."

बहीण दारात उभी होती, ती म्हणाली, "दादा!" आणि पदर तोंडाशी नेला. ठोकेरावांनी खिशातून रुमालातल्या तुकड्यांची पुडी काढून समोर ठेवली.

"आता खरं कशावरून समजू?" माई म्हणाल्या. "तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतंत."

उभा जन्म लोक ठोकेरावांच्या शब्दावर हिरे घेऊन गेले होते, आणि त्यांच्याच माणसांत त्यांच्या शब्दाला आता वाटीचीही किंमत नव्हती.

"तुमच्या दुकानात नाही. समोरच्या दुकानात चला. तुम्हीही चला," माई म्हणाल्या.

समोरचं दुकान म्हणजे हाडवैऱ्यांचं. ठोकेराव तिथे गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे राहिले, हातांचं काय करावं ते कळेना. आतल्या लोकांनी त्यांना ओळखलं आणि एकेक करून सगळे काउंटर सोडून जवळ सरकले. काउंटरवरच्या मुलीने पुडी उघडली, तुकड्यावर हिरा पारखायच्या यंत्राची सुई टेकवली. यंत्र वाजलं. तिने भिंगातून पाहिलं.

"हिराच आहे आजी. छान होता. पण फुटला कसा?"

माई वळल्या. "सांगा."

"मी बत्ता मारला," ठोकेराव म्हणाले.

"बत्ता? हिऱ्यावर? असं कुणी सांगितलं तुम्हाला, काका?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, हे तर ठोकेराव! ठोकून घेतलात ना नीट?" सगळं दुकान हसलं. ठोकेराव मान खाली घालून उभे राहिले. बाहेर जायला दार होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

माई हसल्या नाहीत. त्यांनी रिकामी अंगठी आणि मोठा तुकडा मुलीपुढे सरकवला. "हा बसवून दे. आहे तसाच. घासू नकोस, आकार देऊ नकोस." मग तिला, ठोकेरावांना नव्हे, म्हणाल्या, "खरा आहे म्हणाले होते ते."

घरी जाताना त्या पुढे चालल्या. ठोकेरावांशी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. ठोकेराव चांदीच्या काउंटरवरूनच निवृत्त झाले.

पेठेत अजून सांगतात, की त्यांनी माईंचा हिरा बदलून काच बसवली. त्यांनी काही बदललं नव्हतं. हिरा खरा होता. तो त्यांनी फोडला, आणि काच होती असं खोटं सांगितलं.