शेळी उभी राहिलेली घसरगुंडी

"मॅडम, तुमची घसरगुंडी घसरंना की!"

सांगोला तालुक्यातल्या एका गावचे सरपंच तानाजीराव फोनवर ओरडत होते. त्यांच्या नव्या बालोद्यानाचं उद्घाटन तीन दिवसांवर आलं होतं आणि घसरगुंडी आमच्या वर्कशॉपनं बसवली होती.

"घसरंना म्हणजे काय? मुलं बसवून बघितली का?"

"बसली की. खाली गेली अन् दचका बसून थांबली. अंगणवाडीतल्या एका पोरीची जीभ दाताखाली आली, रगात आलं. आन् आता तितं शेळी उभी हाय."

"कुठं?"

"घसरगुंडीवर! आरामात उभी हाय. घसरायचं नाव न्हाई."

शेळीचं मला हसू आलं असतं, पण मुलीच्या जिभेनं ते येऊ दिलं नाही. ड्रॉइंग माझं होतं.

मी ड्राफ्ट्समन आहे. या हुद्द्याला स्त्रीलिंग नाही आणि आमच्या शेठनी कधी शोधलंही नाही. जिल्ह्याच्या गावी, सात रस्ता चौकाजवळ आमचं ऑफिस आहे. तिथं मी सॉफ्टवेअरमध्ये रेषा काढते. ती फाईल लेझर मशीनला जाते आणि मशीन त्या रेषेवरून पत्रा कापतं. मशीनला अक्कल नसते. रेषा चुकली तर ते चूकसुद्धा अगदी सुबक कापून देतं.

फोन ठेवून मी फाईल उघडली. घसरगुंडी बाजूनं बघितली तर तिचे दोन भाग असतात. वरून येणारा सरळ उतार आणि खाली वर्तुळाचा तुकडा, म्हणजे कमान. सरळ उतार कमानीला नुसता शिवून तिच्यात मिसळला पाहिजे. शाळेत आपण तिला स्पर्शरेषा म्हणायचो, आम्ही टॅन्जंट म्हणतो. असं जुळलं की सांधा कुठं आहे ते बसणाऱ्याला कळत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. वर्तुळाच्या केंद्रातून उतारावर लंब टाकायचा, म्हणजे काटकोनात रेषा काढायची. तिची लांबी वर्तुळाच्या त्रिज्येएवढी भरली पाहिजे. त्रिज्या होती सहाशे मिलिमीटर. लंब भरला पाचशे अठ्ठ्याऐंशी. बारा मिलिमीटरनं माझी रेषा वर्तुळाच्या आत घुसली होती आणि पलीकडे कमानीला कोपरा करून भेटली होती. पूर्ण घसरगुंडी स्क्रीनवर मावते तेव्हा बारा मिलिमीटर म्हणजे केसाएवढं अंतर. झूम केल्यावर मात्र तो कोपरा मलाच लागला.

बावीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईकडून ही चूक कशी झाली? बोर्डामुळं.

घसरगुंडीबरोबर गावाला नावांचा बोर्डही हवा होता. प्रमुख पाहुणे, सरपंच, उपसरपंच, सगळे सदस्य. त्यासाठी कमिटी नेमली होती. सरपंचांचं नाव पाहुण्यांपेक्षा लहान पाहिजे, पण फार लहान नको. उपसरपंचांचं सरपंचांएवढंच पाहिजे, पण तसं दिसायला नको. एका सदस्याला 'श्री.' चालेना, त्याला 'श्रीमान' पाहिजे होतं. आठ प्रूफ झाली. घसरगुंडीचं ड्रॉइंग बघायला एकही माणूस आला नाही.

सॉफ्टवेअरमध्ये स्नॅप नावाची सोय असते. तो चालू असला की रेषा नेमक्या जागी लोहचुंबकासारखी चिकटते. स्पर्शरेषेला, लंबाला, केंद्राला, जिथं हवं तिथं. पण "हे नाव जरासं वर घ्या" म्हटलं की स्नॅप ते नाव शेजारच्या नावाच्या ओळीत नेऊन चिकटवायचा, आणि त्या दोघांचं आपसात बोलणं नव्हतं. शेवटी वैतागून मी स्नॅप बंद केला.

बोर्ड फायनल झाला तेव्हा आमचे श्रीनिवास शेठ डोक्यावर उभे होते. "मॅडम, घसरगुंडी वीस मिन्टात उरकून टाका. घसरगुंडी आहे, रॉकेट नाही."

मी त्याच फाईलमध्ये, स्नॅप पुन्हा चालू न करताच, नजरेच्या अंदाजानं रेषा ओढली. छान दिसत होती.

आता शेठना कोपरा दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

"रंग ओला आहे म्हणून सांगा. तोपर्यंत बघू."

"शेठ, मुलीला लागलंय."

"मग मशीनची चूक म्हणा. मशीन काय बोलणार आहे?"

"मी बोलणार आहे ना."

शेठनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चला, गाडी काढतो. पण बोलायचं तुम्ही."

गावात पोचलो तर घसरगुंडीभोवती कमिटी जमली होती. एकजण गोडंतेलाचा डबा घेऊन आला होता. दुसऱ्याचं म्हणणं, तोंड दक्षिणेला केलंय, कसं घसरंल? तिसरा म्हणाला, शेळ्यांच्या खुरांनी पत्रा खरबरीत झालाय. शेळी त्या कोपऱ्यात अजून उभी होती आणि बाभळीचा पाला खात होती.

"यात तेलाचा, दिशेचा, शेळीचा काही दोष नाही," मी म्हणाले. "चूक माझी आहे. रेषा वर्तुळाला शिवून जायला पाहिजे होती. ती आत घुसली."

तेलवाल्यानं डबा खाली ठेवला. चूक कबूल करणारा माणूस त्या कमिटीसमोर बहुतेक पहिल्यांदाच आला असावा.

तानाजीराव विचार करून म्हणाले, "म्हंजे पाव्हण्यागत. दारात रामराम घालून फुडं जायचं, तर ह्यो घरात शिरला."

"अगदी बरोबर."

"मग तसं सांगा की! टॅन्जंट का काय म्हनून कशाला भ्या दावताय?"

अंगणवाडीच्या सुमनताई त्या मुलीला घेऊन आल्या. पाच वर्षांची असेल. मी विचारलं, "दुखतंय का?" तिनं उत्तर म्हणून जीभ बाहेर काढून दाखवली. मधोमध काळसर डाग होता. मला तिच्याकडं नीट बघवेना.

"घसरायचा पत्रा ज्यांच्यावर टेकतो ते दोन्ही बाजूंचे पत्रे नव्यानं कापून बसवते," मी सरपंचांना म्हटलं. "तोवर हिच्यावर कुणाला चढू देऊ नका."

"चालतंय. पर बोर्डाला हात लागणार न्हाई न्हवं?"

"नाही लागणार."

कमिटीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि ती पांगली.

परत येऊन स्नॅप चालू केला. वरचा बिंदू पकडला, रेषा वर्तुळाकडं नेली, ती स्पर्शबिंदूला चिकटली. केंद्रातून लंब टाकला. सहाशे. याला चार मिनिटं लागली, शेठनी दिलेल्या विसातली सोळा उरली. बाजूचे पत्रे कापले, घसरायचा पत्रा त्यांवर वाकवला, वेल्डिंग झालं. उद्घाटनाच्या सकाळी रंग सुकायच्या आत मी स्वतः साडी सावरून वरून खाली घसरून आले. साडीला हिरवा पट्टा लागला, दचका लागला नाही.

पाहुणे दोन तास उशिरा आले. फीत कापली, बोर्डासमोर फोटो काढले आणि गावाच्या विकासावर पाऊण तास बोलले. घसरगुंडी हा शब्द भाषणात आला नाही. भाषण चालू असतानाच सुमनताईंनी मुलं सोडली. जीभ चावलेली ती मुलगी वर चढली, क्षणभर थांबली, तोंड घट्ट मिटलं आणि सुटली ती थेट वाळूत. उठली आणि पुन्हा शिडीकडं पळाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेठ माझ्या कानात म्हणाले, "बघा, कुणाला काही कळलंसुद्धा नाही." ते तक्रार म्हणून म्हणाले की कौतुक म्हणून, माहीत नाही.

आठवड्यानं तानाजीरावांचा पुन्हा फोन आला. मीच आधी विचारलं.

"घसरगुंडी?"

"ती झकास हाय. पोरं उतरंनात. पर मॅडम, बोर्डावर उपसरपंचाचं नाव दोन मिलिमीटर वर हाय. पट्टी लावून मोजलंय आमी."

तेव्हापासून एक नियम केलाय. नावांची फाईल वेगळी आणि ज्यावर माणूस बसणार, चढणार, टेकणार ती फाईल वेगळी. पहिलीत कमिटी म्हणेल तसं. दुसरीत स्नॅप चालू, आणि मी सोडून कुणाकडं पासवर्ड नाही. शेठकडंसुद्धा.