कुंभकर्णाचा नवा चेहरा

मंडळी, आज मी सूड घेतला आणि मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

मानपाड्याच्या महोत्सवासाठी तीन दिवस खपून मी वाळूचा पंधरा फुटी झोपलेला कुंभकर्ण केलेला. आज सकाळी आयोजकांपैकी एक साहेब सेल्फीसाठी थेट त्याच्या तोंडावर बसले. नाक, गाल, सगळं ढासळलं.

मी ओरडले, तर हसत म्हणाले, "अहो मॅडम, वाळूच ती! परत थापा."

थापली. फक्त या वेळी चेहरा साहेबांचा केला. तीच जाड मिशी, तीच दुहेरी हनुवटी, गालावरचा मससुद्धा.

दुपारी गर्दी जमली. साहेबांची बायको आली आणि हसता हसता खालीच बसली. "अगं बाई, घोरताना अस्सेच दिसतात!"

साहेब हळूच माझ्याजवळ आले. "ताई, मोडा ना ते."

"तुम्हीच बसा की त्यावर," मी म्हटलं. समोर एवढे मोबाईल रोखलेले, कसले बसतायत!

आजवर माझी कितीतरी शिल्पं कोसळताना मी गप्प पाहिलीत. वाळूत काम करायचं तर ते सोसावंच लागतं. पण हा ढासळू नये म्हणून याच्यावर मात्र निघताना डिंकाचं पाणी फवारून आलेय. महोत्सव रविवारपर्यंत आहे.

खरं सांगा, तुम्ही माफ केलं असतं?