फळीला लावलेला गाल

"पण बोटांची टोकंच का बधिर होतात आधी? मनगट का नाही?"

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. बरी होईन का, केस परत येतील का, हे त्यांना रोजचंच. असलं कुणी विचारलं नव्हतं.

"बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा लांब असतात," त्या म्हणाल्या. "हे औषध लांबच्या टोकांना आधी छळतं. पायांचे तळवे, हातांची बोटं."

"म्हणजे आडबाजूच्या गावाची लाइट आधी जाते, तसं."

"तसंच समजा. पुष्कळांना हळूहळू परत कळायला लागतं, काहींना थोडं बधिरपण राहतं. खात्री देत नाही. पुढच्या वेळी मात्रा कमी करू. पण उरलेले डोस सोडायचे नाहीत. गाठ आत्ता कुठं आटायला लागलीये."

"बघते," ती म्हणाली.

तिचं "बघते" म्हणजे सरळ नकार, हे शेजारी बसलेल्या नणंदेला पक्कं ठाऊक होतं. तिने टेबलाखालून असा चिमटा काढला, की तो मात्र वहिनीला चांगलाच कळला.

नवरा सुतार आणि ही पॉलिशवाली. तो जोडायचा, ही घासून चकाकी आणायची. लाकूड गुळगुळीत झालं की नाही, हे ती डोळ्यांनी कधी बघायचीच नाही. डोळे मिटायचे, चार बोटं फळीवरून फिरवायची, आणि कुठं खरड, म्हणजे खडबडीत जागा, राहिली ते तिथल्या तिथं सांगायचं. नवरा कौतुकाने म्हणायचा, हिच्या बोटांना मुंगीचं पाऊलसुद्धा लागतं.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी ती जेवणाच्या मोठ्या टेबलाची वरची फळी घासत होती. वर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला, जेमतेम कागदाएवढा. बोट फिरवलं की तिला वाटे अजून खडबडीत आहे, म्हणून घाशी. खडबडीत काही नव्हतं. बोटंच अशी झाली होती, जणू कुणी जाड मोजे चढवलेत. घासता घासता पापुद्रा फाटला आणि खालचं पांढरं फटक लाकूड वर आलं. पॉलिशच्या धंद्यात नवशिकी पोरंसुद्धा ही चूक एकदाच करतात. सुतार आला, त्याने पाहिलं. पापुद्रा खरवडून काढला, नवा चिकटवायला घेतला. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दवाखान्यातून परतल्यावर तिने सांगून टाकलं, "मी आता जात नाही. बोटं घालवून जगायचं, तर मग करू काय? तुमच्या घरात शोभेची बाहुली होऊन बसू?"

"बाहुली कसली, आरसा बघ जरा," नणंद म्हणाली. "डोक्यावर एक केस नाही."

"वन्सं, तुमची जीभ कापून त्या डॉक्टरीणबाईंना दाखवली पाहिजे. तिथल्या नसा फार लांब दिसतात."

सुतार हसला नाही. भुसा झटकत म्हणाला, "टोकंच आधी जातात म्हणाल्या ना बाई? मग टोकांच्या मागं काय उरलंय, ते तरी बघितलंस का?"

हे तिच्या डोक्यात शिरलं. रागावलेली असली तरी खोड जात नव्हती. एखादी गोष्ट कशी चालते हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने नणंदेला ओढून ओट्यावर बसवलं, शिवणाचा दोरा हातात दिला आणि स्वतः डोळे मिटले.

"लावा."

"लावला."

"कुठं?"

"करंगळीला. कधीचा!"

"बरं. आता वर सरका."

तळहातावर धूसर काहीतरी जाणवलं. मनगटाच्या आतल्या अंगाला दोरा टेकला तशी ती दचकलीच. कोपराजवळ काही विशेष नाही. मानेला लावला तर किंचाळली. गालाला लावला तेव्हा मात्र तिने नणंदेचा हात धरला.

"काय गं?"

"थांबा. फिरवा हळू. दोऱ्याला गाठ आहे का एक?"

नणंदेने दोरा डोळ्यांसमोर धरला. बारीकशी गाठ होती खरी.

मग विचारता सोय नाही. दारंखिडक्या सताड उघड्या टाकल्या, कारण धुळीपासून लांब राहा असं बजावलेलं होतं. सुताराने तीन फळ्या घासल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि त्यातल्या दोन फळ्यांवर मुद्दाम एकेक खरड ठेवली. कुठं ते सांगितलं नाही. ती ओणवी झाली आणि तिने फळीला गाल लावला.

"दादा, बघ रे," नणंद ओरडली, "लग्नाला एवढी वर्षं झाली, तुझ्या गालाला गाल लावताना कधी दिसली नाही ही!"

"त्यांचा गाल घासायला पॉलिशपेपर कुठला आणू?" फळीवरूनच उत्तर आलं.

पहिली खरड तिला सापडली. तिसऱ्या फळीवरची सापडली नाही. तिथून ती दोनदा गेली, मनगटानेही बघितलं, तरी नाही. सुताराने बोट ठेवून दाखवली तेव्हा तिचं तोंड पडलं.

"अर्धंच जमतंय."

"बोटांना शिकायला किती वर्षं गेली तुझी?" तो म्हणाला. "गाल काय आज सकाळीच कामाला लागलाय."

मग ती तिसऱ्या फळीवरची खरड पुन्हा गालाने शोधायला लागली, आता कुठं आहे हे माहीत असताना. ती कशी लागते एवढंच तिला बघायचं होतं. उठली तेव्हा गालावर भुसा होता. पुसत पुसत म्हणाली, "बाईंना विचारायचं राहिलं. हे औषध तोंडापर्यंत पोचायला किती लांब?"

"म्हणजे जाणार?" नणंदेने विचारलं.

"विचारायला जायला नको?"

ती गेली. औषधाच्या खुर्चीत बसल्यावर सुई टोचणाऱ्या सिस्टरला तिने तो प्रश्न विचारला. बाटलीतलं औषध थेंबाथेंबानेच का सोडतात, एकदम का नाही, तेही विचारलं. सिस्टर म्हणाली, "बाई, मागच्या वेळी तुम्ही भिंतीकडे तोंड करून रडत होतात, ते बरं होतं, माझं काम तरी व्हायचं." नंतरचे काही दिवस मात्र वाईट गेले. पाणीसुद्धा टिकेना, बादली उशाशी. नणंदेने बादली धुतली आणि प्रत्येक वेळी काही ना काही टोमणा मारला. भीती होतीच. बोटं परत येतील की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं.

उभं राहवलं त्या सकाळी ती कामाच्या खोलीत आली. सुताराने कपाटाचं दार घासून ठेवलं होतं. तिने ते ओल्या फडक्याने पुसलं, डोक्याचा रुमाल मागे सारला, ओणवी होऊन गाल टेकवला.

"कुठं आहे?" त्याने विचारलं.

"अहो, बोलू नका मध्ये. आणि जरा बाजूला व्हा, बारीक पेपर द्या तो. इथं खालच्या अंगाला राहिलंय."

त्याने पेपर दिला. ती घासायला लागली.