तेच नाव, नवी गाडी

मिरकरवाड्याहून कॉलेजला जाताना वाटेत एका अंगणात दोन दारांची लाल गाडी उभी दिसायची. तिचे मालक रोज सकाळी तिचं बॉनेट पुसत असत. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे मोठ्या माणसांशी बोलायला संकोच वाटे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. तेच मला हाक मारत, "काय रे, पेपरात काही आलं?"

ती वाऱ्यासारखी पळणारी गाडी कंपनीने केव्हाच बंद केली होती. पण ते ठासून सांगत, "अशी गाडी बंद करून कंपनीला झोप लागत असेल काय? परत आणणारच ते!"

एके दिवशी खरंच तसं छापून आलं. गाडी शोरूमला लागली तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि मलाही घेऊन गेले. नव्या गाडीवर तेच नाव, त्याच वळणाच्या अक्षरांत होतं. ते त्यावरून बोट फिरवत खुशीत हसले.

"जुनी आम्हाला द्या काका, नि हीच घेऊन जा," सेल्समन म्हणाला. "ती आता भंगारातच काढायची."

त्यांचं बोट थांबलं.

"आमच्यात माणूस गेल्याशिवाय त्याचं नाव नातवंडाला ठेवत नाहीत," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "माझी अजून अंगणात उभी आहे ना रे?"

मी होकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं ज्या बातमीची त्यांनी वाट पाहिली, ती कुणी गेल्याची बातमी निघाली होती.