पाठीमागचे हात

बोरीवलीला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहणारे काका एकेकाळी सिनेमात बारीकसारीक कामं करायचे. बँक लुटण्याच्या एका जुन्या, गाजलेल्या पिक्चरमध्ये ते वॉचमन होते. चोर त्यांना खुर्चीला बांधतात, तोंडात रुमाल कोंबतात आणि मग तिजोरी फोडतात. गेटजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काका हा सीन कुणालाही करून दाखवायचे. हात पाठीमागे, गाल फुगवलेले, डोळे वटारलेले. मग म्हणायचे, "कॅमेरा फक्त माझ्यावर हां! हीरो मागे, तोही आउट ऑफ फोकस!" कुरियरवाला सहीसाठी ताटकळला तरी ते हात सुटायचे नाहीत. मला गंमत वाटायची आणि कंटाळाही यायचा. लांबून ते दिसले की मी फोन कानाला लावायचो.

परवा त्याच पिक्चरचा रीमेक लागला. काका म्हणाले, "चल ना रे, एकट्याने काय बघायचं?" कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले.

तिजोरीचा सीन जवळ आला तसे ते सावरून बसले. त्यांचे हात आपसूक पाठीमागे गेले. पडद्यावर एका मुलीने लॅपटॉपवर बोटं फिरवली आणि तिजोरी उघडली. बँकेत वॉचमनच नव्हता.

इंटरव्हल झाला. दिवे लागले, लोक पॉपकॉर्नसाठी उठले. काकांचे हात अजून पाठीमागेच होते.

"काका, काही आणू का खायला?"

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग म्हणाले, "बांधायलासुद्धा माणूस लागत नाही रे आता."