तांदळावर दळलेली कॉफी

वहिनी म्हैसूरहून आमच्या कुसगावच्या घरी आली तेव्हा तिच्या सामानात स्टीलचा छोटा कॉफी फिल्टर होता. वर एक डबा, खाली एक डबा. वरच्यात पूड घालून उकळतं पाणी ओतायचं आणि खाली अर्क थेंबथेंब उतरू द्यायचा. माहेरहून आणलेली पूड महिन्याभरात संपली. तिने फिल्टर धुऊन फडताळात पालथा ठेवला आणि आईला म्हणाली की आता चहाची सवय झालीय.

तसं नव्हतं. चहा पिऊन झाल्यावर ती कपाळ दाबत बसायची. विचारलं की "काही नाही, छान आहे" म्हणायची. भाजी, पंखा, झोप, सगळंच छान. मीही कमी बोलते, त्यामुळे ते 'छान' मला चांगलं ओळखू येत होतं. या घरात ती कधी 'नको' म्हणेल का, असं मला वाटायचं. पण विचारायचं मला जमलं नाही.

आईने विचारलं नाहीच. ती कॉफी शोधायला लागली.

लोणावळ्यात पर्यटकांसाठीच्या दुकानांत सुंदर पाकिटं होती, पण किंमत वाचून आई ती हळूच परत ठेवायची. मग आम्ही कामशेतला गेलो. तिथल्या मसाल्याच्या दुकानात आई माझ्या जन्माच्या आधीपासून जाते. दुकानातले चाचा म्हणाले, "मिरी जिथनं येती तिथनंच येती की कॉफी. मागवतो. पन दळून न्हाई देनार भाभी, माझ्या यंत्रावर मिरची असती." पुढच्या खेपेला भाजलेल्या बिया सुट्या आल्या, पाकिटांच्या मानाने कितीतरी स्वस्त. पिशवी उघडल्यावर एसटीत पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.

दळायचं म्हटल्यावर आईला गिरणीशिवाय दुसरं काही सुचलं नाही. आमच्याकडे गिरणीत गव्हावर गहू, बाजरीवर बाजरी असा नंबर लावतात, म्हणजे एकाच्या पिठात दुसऱ्याचं मिसळत नाही. कॉफीवर दळायला कोण तयार होणार? बायका आपापले डबे मागे सरकवू लागल्या.

"कॉफीच्या भाकरी थापनार का गं आता?" शेजारच्या मावशींनी विचारलं.

"सुनेला लागते," आई म्हणाली, आणि सगळ्यांचं दळण होईपर्यंत बाजूला उभी राहिली. एरवी उशीर झाला की गिरणीवाल्याशी भांडणारी माझी आई. शेवटी मावशींच्या तांदळावर कॉफी पडली आणि पिठीसारखी मऊ होऊन बाहेर आली. आईला ती फार आवडली. इतकं बारीक दळण मिळत नाही म्हणाली.

सकाळी वहिनीने फिल्टर लावला. बऱ्याच वेळाने झाकण काढलं तर पाणी वर तसंच. पुडीचा चिखल होऊन भोकं बुजली होती. खाली जे काय उतरलं होतं ते तिने दुधात घातलं आणि प्यायला घेतलं.

"कशी झालीय?" आईने विचारलं.

"छान आहे, आई."

आईने तिच्या हातातला पेला घेतला आणि त्यातलाच एक घोट प्यायली. "छान कुठं? नुसतं दूध आहे हे. खरं सांग."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. माझ्याकडून तिला तेवढीच मदत होण्यासारखी होती.

"फार बारीक झालीय," ती म्हणाली. "आणि तांदळाचा वास येतोय."

आईने खलबत्ता काढला, उरलेल्या बियांतल्या मूठभर त्यात टाकल्या. "किती जाड पाहिजे?"

"रव्यासारखी. थांबा, मी दाखवते."

दोघी जमिनीवर बसल्या. आई कुटायची, वहिनी चिमटीत घेऊन बघायची आणि अजून, अजून म्हणायची. त्या दिवशी खाली उतरलेला अर्क काळाभोर होता. मी आयुष्यात पहिल्यांदा जायफळाशिवायची कॉफी प्यायले. कडू होती, आणि पेला संपल्यावर अजून हवी होती.

आता रोज सकाळी खलबत्ता वाजतो. आज बारीक झाली, आज जाड राहिली, असं वहिनी आईला बिनदिक्कत सांगते. गेल्या आठवड्यात जेवताना तिने कालवण फार तिखट होतं असंही सांगून टाकलं. आई थोडी फुगली, पण दुसऱ्या दिवशी तिखट कमी पडलं.

मला ते कालवण लहानपणापासून तिखट लागत होतं.