साडेबावीस इंचांचं डोकं

भाडेकरूचं गाव, जात, ऐपत काहीएक न विचारता नुसता त्याच्या डोक्याचा घेर मोजून खोली देणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असावा: शिवाजी पेठेतले माझे खोलीमालक. राधानगरीकडून मी कॉलेजसाठी आलो, ट्रंक अजून हातातच होती, तोवर त्यांनी माझ्या कपाळाभोवती टेप गुंडाळला आणि ओरडले, "साडेबावीस! बरोब्बर!" आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. शहरात खोल्या अशाच देत असतील असं समजून मी मान हलवली. "मान हलवू नगंस," ते म्हणाले. हे वाक्य पुढे मी तीन वर्षं ऐकलं.

मालकांचे वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले ते परतलेच नाहीत. मालक तेव्हा आईच्या पोटात होते. वडील म्हणून त्यांच्यापाशी दोनच वस्तू. एक लग्नातलं बाशिंग, ज्याच्या दोऱ्याच्या गाठीवरून त्यांनी वडिलांच्या डोक्याचा घेर काढला होता. आणि दुसरा एक फोटो. वडिलांनी जन्मात पहिल्यांदा बूट घातलेले, ते फोटोत यायलाच हवे होते. फोटोग्राफरने बूट पुरते घेतले आणि वरचा पलटणीचा फेटा निम्मा कापला. तो राहिलेला निम्मा शोधून हुबेहूब तसाच फेटा करायचा, हे मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या मालकांचं जीवितकार्य होतं, आणि माझं डोकं ही त्यांच्या ताब्यातली जमीन.

मी पुस्तक उघडलं की दारातून हाक येई, "डोकं रिकामं हाय काय?" नाही म्हणायचा धीर मला कधी झाला नाही. मग लग्नाचे फेटे बांधणारा पेठेतला फेटेवाला येई. "नवरदेवाचा बांधू का पाटलाचा?" "शिपायाचा!" "शिपाई आपला आपन बांधतोय की मालक. माझ्याकडं कशाला येईल त्यो?" मालक भिंग घेऊन फोटोतल्या घड्या मोजत, मग माझ्या डोक्यावरच्या मोजत, आणि अकराव्या घडीला सगळं सोडायला लावत. बाजारातला खाकी रंग त्यांना पटेना, म्हणून त्यांनी बाभळीच्या सालीत कापड उकळलं आणि ओलंच माझ्या डोक्यावर वाळवलं. तोंडी परीक्षेला मी तपकिरी कपाळ घेऊन गेलो. सरांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "सर, पहिलं महायुद्ध." विषय अर्थशास्त्र होता.

दर दसऱ्याला शाहूवाडीहून त्यांची थोरली बहीण, आक्का, येई. वडील गेले तेव्हा ती सहा वर्षांची. त्यांना पाहिलेलं तेवढं एकच माणूस उरलेलं. वर्षभराच्या खटपटीचा फेटा चढवून मालक मला तिच्यापुढे उभं करत आणि विचारत, "आक्का, ह्योच काय?" पान लावता लावता आक्का वर बघे. "न्हवं." मालक दोन दिवस धड जेवत नसत आणि तिसऱ्या दिवशी नवं कापड आणत.

तिसऱ्या दसऱ्याला आक्का पुन्हा "न्हवं" म्हणाली आणि माझा संयम संपला. पुढच्या वर्षी मी नसणार होतो; साडेबावीस इंची दुसरं डोकं ह्यांना कुठं मिळणार ही काळजीही होतीच. मी चाचरत विचारलं, "आक्का, मग कसा होता ते तरी सांगा."

"मला काय ठावं? डोस्क्यावर कवा बघितलाय मी त्यो?"

मालकांनी भिंग खाली ठेवलं.

"सुट्टीवर आल्ता आबा, तवा धो धो पाऊस. मी वड्यापतूर पळत गेलते, पावसानं डोळं उघडंनात. त्यानं फेटा सोडला, मला त्यात गुंडाळली आन् खांद्यावर घेतली. परत गेला तवा मी झोपल्याली."

"आन् इतकी वर्सं बोलली न्हाईस?"

"तू इचारलंस कवा? नुस्तं ह्योच काय, ह्योच काय!"

मग ती उठली. माझ्या डोक्यावरचा फेटा तिनं भराभरा सोडला आणि ते लांबलचक कापड एकसष्ट वर्षांच्या भावाभोवती हनुवटीपर्यंत गुंडाळलं. काठ चिमटीत धरून चोळून पाहिला. "व्हय," ती म्हणाली. "असा."

मालक हलले नाहीत.

त्यानंतर त्यांनी माझं डोकं कधी मागितलं नाही. शेवटचे काही महिने मी स्वस्थपणे अभ्यास केला. मधूनच पुस्तकातून मान वर करून दाराकडे बघायचो. डोकं रिकामं होतं, पण विचारायला कुणी येत नव्हतं.